दारावरची तुळई : भार पेलणाऱ्या साहित्याची निवड

शेतकरी नवे घर किंवा धान्याची कोठी बांधावयास घेतो, तेव्हा दाराची चौकट कोणत्या लाकडाची असावी, उंबरठा केव्हा बसवावा, गणेशपट्टीवर कोणती नक्षी काढावी, ह्याकडे घरातील वडीलधारी माणसे जातीने लक्ष देतात. परंतु चौकटीच्या वर, भिंतीच्या पोटात जी आडवी तुळई बसते, तिची निवड बहुधा गवंड्याच्या मर्जीवर सोडली जाते. गिलावा झाला की ती दिसेनाशी होते आणि तिचा विसर पडतो. वास्तविक दारावरील भिंतीचा सारा भार ती एकटी पेलीत असते. चौकट सडली तर ती बदलता येते. तुळई मोडली तर मात्र वरील भिंत खाली येते.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गोदाकाठच्या एका गावी पीकपाहणीसाठी गेलो असता असाच एक प्रकार पाहण्यात आला. एका शेतकऱ्याच्या कोठीच्या दारावरील काँक्रीटची तुळई मध्यभागी मोडून पडली होती आणि तिच्याबरोबर दोन बैलगाड्या भरतील इतके दगड दारात कोसळले होते. घरातील लहान मुले दिवसभर त्याच उंबरठ्यावर खेळत असत. रात्रीची वेळ असल्यामुळे मनुष्यहानी टळली, एवढेच. शेतकऱ्याने सिमेंट चांगले आणले होते, लोखंडातही काटकसर केली नव्हती. "साहेब, पैसा तर सगळा घातला, मग चुकले कोठे?" असे त्याने विचारले. ह्या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

तुळईवर किती भार पडतो?

ह्या तुळईला पुस्तकी भाषेत सरदळ म्हणतात; गवंडी लोक तिला लिंटेल म्हणतात. तिच्यावर किती वजन येते, ह्याची कल्पना पुष्कळांना नसते. दार १ मीटर (सव्वातीन फूट) रुंद आहे आणि दगडी भिंत ४५ सेंटिमीटर (दीड फूट) जाडीची आहे, असे समजू. भिंतीचे सांधे चांगले साधले असतील, तर तुळईवर वरची सगळी भिंत बसत नाही. तुळईच्या दोन्ही टोकांकडून तिरक्या निघून वर एकत्र येणाऱ्या त्रिकोणातील भागच तिच्यावर बसतो. त्या बाहेरचे दगड एकमेकांत अडकून आपला भार बाजूच्या भिंतींवर नेतात. ह्या त्रिकोणातील दगडकामाचे वजन सुमारे साडेसहा क्विंटल भरते. म्हणजे शंभर किलोची सहा-सात पोती दारावर रात्रंदिवस रचून ठेवल्यासारखे झाले.

मातीत बांधलेल्या गोट्यांच्या भिंतीत दगड एकमेकांत नीट अडकत नाहीत. तेथे ह्या त्रिकोणावर भरवसा न ठेवता तुळईच्या डोक्यावरील सर्व भिंतीचा भार धरावा. शिवाय माळवदाचा एखादा वासा नेमका दारावर टेकविलेला असेल, तर त्याचाही भार तुळईवर येतो. दीड फूट जाडीच्या माळवदाच्या एका चौरस मीटरचे वजन कोरडेपणीच सात क्विंटलांच्या आसपास असते. पावसाने माती भिजली की ते आणखी वाढते. म्हणून वाशाचे टोक दारावर किंवा खिडकीवर येणार नाही, अशीच आखणी आरंभी करावी.

वरून दाब, तळाला ताण

तुळईला कोणते साहित्य योग्य, हे ठरविण्यापूर्वी तिच्या पोटात काय घडते ते समजून घेतले पाहिजे. त्यासाठी ओल्या पऱ्हाटीची एक जाड काडी घ्यावी, तिची दोन टोके दोन विटांवर ठेवावी आणि मध्यभागी अंगठ्याने दाबावे. काडी वाकते. वरच्या बाजूची साल दाबली जाऊन तिला सुरकुत्या पडतात. खालच्या बाजूची साल ताणली जाते व शेवटी फाटते. काडी मोडण्यास आरंभ होतो तो तळापासून.

दारावरील तुळईचीही गत हीच. तिच्या वरच्या भागावर दाब पडतो आणि तळाला ताण बसतो. दाब सोसणारे साहित्य पुष्कळ आहे. दगड, वीट व काँक्रीट ही तिन्ही दाबाला खंबीर आहेत. ताण सोसणारे साहित्य थोडे. म्हणून तुळईचे कोणतेही साहित्य पाहताना एकच प्रश्न विचारावा : हिच्या तळाचा ताण कोण सोसणार?

दगड

आपल्या जिल्ह्यात काळा पाषाण सर्वत्र मिळतो. तो दाबाला अत्यंत कणखर आहे. परंतु त्याची ताण सोसण्याची शक्ती दाबाच्या मानाने दशांश किंवा त्याहूनही कमी असते. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील आणि गंगाखेड तालुक्यातील धारासूर येथील जुनी मंदिरे पुष्कळांनी पाहिली असतील. दगडी खांब आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या दगडी तुळया, अशी त्यांची रचना आहे. तेथे गेल्यावर खांबांमधील अंतर अवश्य पाहावे. खांब जवळ जवळ उभे आहेत आणि त्यांवरील तुळया चांगल्या जाड आहेत. दगडी तुळई लांब करीत गेल्यास ती स्वतःच्या वजनानेही तळाला तडकू शकते. म्हणून दगडात बांधणाऱ्याला अंतर कमी व जाडी भरपूर ठेवावीच लागते.

दगडाचा दुसरा दोष असा की, तो वाकून सूचना देत नाही, एकदम मोडतो. ह्यासाठी दगडी तुळई १ मीटरपेक्षा रुंद दारावर घालू नये. लहान खिडकी, झरोका किंवा कोनाडा ह्यांच्यावर ती चालते. दगड एकजीव असावा. त्यात पांढऱ्या शिरा, पोकळ्या किंवा जुनी चीर नसावी. हातोडीने ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला, बद्द आवाज आला तर तो बाजूला ठेवावा.

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी शहाबादी फरशी आपल्याकडे मुबलक वापरली जाते. हा थरांचा चुनखडी दगड आहे. फरशीची जाडी इंच-दीड इंच असते. कोनाड्याच्या फळीला किंवा कट्ट्याला ती उत्तम. पण काही ठिकाणी दारावर फरशी आडवी टाकून तिच्यावर थेट भिंत उचलतात, ते धोक्याचे आहे.

दगडातच रुंद दार करावयाचे असेल, तर कमान हा जुना व खात्रीचा मार्ग होय. कमानीतील प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेटला जातो. तेथे दाबच असतो, ताण जवळजवळ नसतो. मात्र कमान दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर रेटते, म्हणून घराच्या कोपऱ्याला लागून कमानीचे दार ठेवू नये. लाकडी किंवा दगडी तुळईच्या वर भिंतीत एक बसकी कमान काढून तुळईवरील भार कमी करण्याची पद्धतही चांगली आहे.

लाकूड

लाकूड दाब आणि ताण दोन्ही सोसते. मोडण्यापूर्वी ते वाकते, करकरते आणि घरच्यांना सावध करते. हा त्याचा मोठा गुण आहे. त्याचे शत्रू तीन : वाळवी, ओल आणि आग.

सागवानातील मधल्या पक्क्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. सालीलगतच्या पांढरट लाकडाला मात्र ती लागते. म्हणून 'सागवान आहे' एवढ्यावर समाधान न मानता पांढरा भाग तासून काढला आहे की नाही, हे पाहावे. बाभळीचे मधले लाकूड जड व बळकट असते. बाभळीची ओंडकी काही महिने पाण्यात बुडवून ठेवून नंतर सावलीत वाळविण्याची आपल्याकडील रीत योग्य आहे. पाण्यात लाकडातील रस व पीठ निघून जाते आणि भुंगा कमी लागतो. आंब्याचे लाकूड तुळईला वापरू नये; ते लवकर कुजते व किडते. बांधावरचे झाड तोडण्यापूर्वी ते परवानगी लागणाऱ्या झाडांपैकी आहे काय, ह्याची चौकशी करावी. सागासारख्या झाडांसाठी १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते.

लाकडी तुळईची उंची दाराच्या रुंदीच्या बाराव्या हिश्श्याइतकी तरी असावी, आणि कोणत्याही परिस्थितीत ८ सेंटिमीटरपेक्षा (सुमारे ३ इंच) कमी नसावी. सव्वा मीटर रुंदीच्या दाराला साधारण १० सेंटिमीटर उंचीची तुळई लागेल. येथेही तळाचा नियम विसरू नये. लाकडाला गाठ असेल तर ती बाजू वर ठेवावी, तळाला येऊ देऊ नये. सुताराने तुळईच्या तळाला मध्यभागी खाच पाडू नये. दोन बोटांची खाचसुद्धा तिची शक्ती फार घटविते.

जाड भिंतीत एकच तुळई पुरत नाही. दोन-तीन नग शेजारी शेजारी टाकावे लागतात. पुष्कळदा दर्शनी भागाला चांगले सागवान लावतात आणि आतील बाजूस हाताला येईल ते लाकूड दडपतात. भार सर्व नगांवर सारखाच पडतो, आणि आतील नग कुजला की भिंतीची आतली बाजू घरात पडते. सर्व नग सारख्या प्रतीचे असावेत आणि ते आडव्या पट्ट्या ठोकून एकत्र बांधावेत. भिंतीत जाणाऱ्या टोकांना डांबर लावावे. टोके ओल्या मातीत न गाडता सपाट दगडावर टेकवावीत व त्यांच्या शेवटी वारा खेळेल इतकी फट ठेवावी. दरवर्षी मृगापूर्वी चौकटीच्या कडेने मातीच्या नळ्या वर चढल्या आहेत काय, हे पाहावे. तशा दिसल्यास तुळईला पेचकसाने टोचून पाहावे. आत पोकळ लागल्यास पावसाळ्याची वाट न पाहता ती बदलावी.

लोखंडी गर्डर व रूळ

मनमाडहून परभणी, पूर्णेकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. रेल्वेने काढून टाकलेले रूळ तुळईसाठी वापरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आढळते. लोखंड दाब व ताण दोन्ही उत्तम प्रकारे सोसते. गर्डरचा आकार पाहिला तर आपला नियम तेथेही दिसतो : वरची व खालची पट्टी रुंद आणि मधले अंग बारीक. काम वरच्या व खालच्या भागाला असते, म्हणून लोखंडही तेथेच अधिक दिलेले असते. ह्याच कारणाने रूळ किंवा गर्डर उभा ठेवावा. आडवा टाकला तर त्याची बरीचशी शक्ती वाया जाते.

लोखंडाचा शत्रू गंज. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालचे बांधकाम फोडते. गोठ्यात जनावरांच्या मूत्रातील क्षारांमुळे व सततच्या दमटपणामुळे गंज लवकर चढतो. म्हणून गोठ्याच्या दारावर उघडा रूळ टाकू नये. टाकावयाचाच असेल, तर गंज खरवडून, गंजरोधक रंगाचे दोन हात देऊन मग बसवावा.

सळईचे काँक्रीट

आज बहुतेक घरांत तुळई सिमेंट काँक्रीटची असते. नुसते काँक्रीट दगडासारखेच आहे. दाबाला खंबीर, ताणाला दुबळे. ताणासाठी त्यात लोखंडी सळया घालतात. ही युक्ती नावारूपास आणणाऱ्यांपैकी एक, जोसेफ मोनिए, हा फ्रान्समधील माळी होता. झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालण्याचे हक्क त्याने १८६७ साली मिळविले. माळ्याच्या कुंडीपासून निघालेली ही रीत पुढे जगभर घरे आणि पूल ह्यांच्या कामी आली.

सळई ताणासाठी असते, म्हणून मुख्य सळया तुळईच्या तळाशीच हव्यात. आता आरंभी सांगितलेल्या कोठीकडे वळू. तेथील तुळई भुईवर साच्यात ओतलेली होती. दोन सळया होत्या आणि ओतताना त्या बरोबर तळाशीच घातल्या होत्या. पुढे ती भिंतीवर चढविताना उलटी झाली. काँक्रीट वाळल्यावर वरची बाजू कोणती व खालची कोणती, हे बाहेरून ओळखता येत नाही. सळया वर गेल्या, तळाला नुसते काँक्रीट राहिले. त्यावर माळवदाचा एक वासा टेकलेला होता. पावसात माळवद भिजून जड झाले आणि तळ फाटला. मोडलेल्या तुकड्यात दोन्ही सळया वरच्या अंगाला स्पष्ट दिसत होत्या. माल तोच, खर्च तोच. बाजू तेवढी चुकली.

ह्यावर उपाय बिनखर्चाचा आहे. भुईवर तुळई ओतल्यानंतर ती ओली असतानाच वरच्या पृष्ठावर खिळ्याने ठळक 'वर' असे कोरावे. वर-खाली दोन्हीकडे सळया घातल्या तरी जाड सळया तळाच्या असतात. तेव्हा खूण करावीच.

साध्या दारांसाठी पुढील मापे ध्यानात ठेवावीत. ही मापे तुळईवर फक्त भिंतीचा भार असताना लागू आहेत.

१) दार १ मीटरपर्यंत रुंद : तुळईची उंची १५ सेंटिमीटर (६ इंच), तळाला १० मिलिमीटरच्या (तीन सुती) २ सळया, वर ८ मिलिमीटरच्या २ सळया. भिंत ३० सेंटिमीटरपेक्षा जाड असल्यास तळाला ३ सळया.

२) दार १.८ मीटरपर्यंत (६ फूट) रुंद : उंची २० सेंटिमीटर (८ इंच), तळाला १२ मिलिमीटरच्या (चार सुती) ३ सळया, वर १० मिलिमीटरच्या २ सळया.

दोन्ही प्रकारांत ६ मिलिमीटरच्या सळईच्या रिंगा दर १५ सेंटिमीटरवर बांधाव्यात. ह्याहून रुंद दार असेल, ट्रॅक्टरसाठी फाटक ठेवावयाचे असेल किंवा छताचा भार तुळईवर येणार असेल, तर अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय काम करू नये.

काँक्रीटचे प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग २० मिलिमीटरपर्यंतची खडी असे ठेवावे. वाळू नदीची असो वा खडी दळून केलेली असो, ती स्वच्छ असावी. मुठीत चोळल्यावर तळहाताला चिखल लागला तर ती धुऊन घ्यावी. पाणी पिण्यासारखे असावे; खारवट विहिरीचे पाणी सळईला गंज आणते. सिमेंटच्या एका गोणीस २५ ते ३० लिटर पाणी पुरे होते. काम सोपे व्हावे म्हणून मजूर अधिक पाणी ओततात. त्यामुळे काँक्रीट सच्छिद्र व कमजोर बनते.

सळई साच्याच्या तळाला चिकटू देऊ नये. तिच्याखाली २५ मिलिमीटर (एक इंच) जाडीचे सिमेंटचे ठोकळे ठेवावेत, म्हणजे तेवढे काँक्रीट तिला झाकील व गंजापासून राखील. विटेचे तुकडे ठेवू नयेत. वीट ओल शोषते. ओतल्यावर दुसऱ्या दिवसापासून निदान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा दिवस, गोणपाट टाकून ते सतत ओले ठेवावे. जागेवर ओतलेल्या तुळईचे टेकू चौदा दिवस काढू नयेत. सळईऐवजी बांबूच्या कांबी घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. बांबू ओल्या काँक्रीटमधील पाणी पिऊन फुगतो, वाळल्यावर आकसतो आणि काँक्रीटला धरून राहत नाही.

दीड फुटी भिंतीसाठी दीड मीटर लांबीची एकच अखंड तुळई केल्यास तिचे वजन अडीच क्विंटल होते. ती चार माणसांना उचलणे जड जाते आणि घाईत उलटीसुलटी होते. त्याऐवजी ती जागेवर ओतावी, किंवा निम्म्या रुंदीचे दोन नग करून शेजारी शेजारी बसवावेत. प्रत्येक नगात तळाला दोन सळया घालाव्यात.

छज्जाचा नियम उलट

तुळईला जोडून बाहेर छज्जा काढावयाचा असतो तेव्हा पुष्कळांची गफलत होते. पऱ्हाटीची तीच काडी आता एका टोकाला मुठीत घट्ट धरावी व मोकळ्या टोकाला वजन लावावे. काडी खाली झुकते. ह्या वेळी ताण वरच्या बाजूला पडतो. म्हणून छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला असते व ती मागे तुळईत नीट गुंतविलेली असते. काँक्रीट टाकताना मजूर तिच्यावर पाय देतात आणि ती तळाला दबते. असा छज्जा टेकू काढताच किंवा त्यावर माणूस चढताच मोडतो. छज्जाचे टेकू, मागील तुळईवर भिंतीचे पुरेसे थर चढेपर्यंत, काढू नयेत. नियम पाठ करावयाचा तो 'लोखंड खाली' असा करू नये. 'जेथे ताण, तेथे लोखंड' असा करावा.

तुळईचा टेकाव

तुळई कितीही बळकट असली तरी तिची टोके भिंतीवर पुरेशी टेकली नाहीत, तर उपयोग नाही. सिमेंटमध्ये बांधलेल्या पक्क्या भिंतीवर प्रत्येक बाजूस निदान १५ ते २० सेंटिमीटर टेकाव द्यावा. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीवर किंवा मातीच्या भिंतीवर तो ३० सेंटिमीटरपेक्षा (एक फूट) कमी नसावा. ४५ सेंटिमीटर दिल्यास अधिक चांगले. टेकावाखाली लहान गोटे न ठेवता एक सपाट, रुंद दगड बसवावा, म्हणजे भार पसरतो. दोन दारांमध्ये किंवा दार व खिडकी ह्यांच्यामध्ये अरुंद भिंत राहिली असेल, तर दोन तुळया वेगवेगळ्या न टाकता एकच सलग तुळई घ्यावी. अशा तुळईला मधल्या भिंतीवर वरच्या बाजूसही ताण पडतो. म्हणून तिच्या सळया अभियंत्याला विचारून ठरवाव्यात.

भेगा वाचावयास शिकावे

भेग पडली की गिलावा करून ती बुजविण्याची घाई करू नये. भेग कोठे आहे, ह्यावरून दोष कळतो.

तुळईच्या तळाला मध्यभागी उभी भेग असेल, तर ताण सोसला जात नाही असे समजावे. ताबडतोब खाली दोन टेकू द्यावेत, त्या दारातून ये-जा बंद करावी आणि अभियंत्यास दाखवावे.

तुळईच्या तळाला लांबीच्या दिशेने आडवी भेग असून तांबूस डाग दिसत असतील, तर आतील सळई गंजली आहे. वरून होणारी गळती आधी थांबवावी.

दाराच्या कोपऱ्यापासून भिंतीत तिरकी भेग चढली असेल, तर दोष बहुधा तुळईचा नसतो. टेकावाचा किंवा पायाचा असतो. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया काळ्या मातीतच थांबला असेल, तर भिंत दरवर्षी हलते आणि सर्वांत आधी दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांत फाटते. अशी भेग उन्हाळ्यात रुंदावते व पावसाळ्यात मिटते, ही तिची ओळख. पाया मुरमापर्यंत नेणे आणि घराभोवतीचे पाणी दूर काढणे, हाच त्यावर खरा इलाज आहे. नुसती तुळई बदलून काही होणार नाही.

सलग पट्टा : घराचा कमरबंद

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. तेथील पुष्कळ घरे आपल्यासारखीच होती. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि वर जड माळवद. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते, आणि चारही भिंतींना एकत्र बांधणारे काहीच नव्हते. भिंती सुट्या होऊन फाकल्या व माळवद झोपलेल्या माणसांवर आले. आपल्या जिल्ह्यालाही हे विसरून चालणार नाही. २१ मार्च २०२४ रोजी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले; परभणीतही ते अनेकांना जाणवले.

म्हणून नव्या घरात दारा-खिडक्यांवर सुट्या तुळया टाकण्याऐवजी त्याच उंचीवर सर्व भिंतींवरून फिरणारा सलग पट्टा घालावा. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९३ च्या भूकंपविषयक मानकांत असा पट्टा सुचविलेला आहे. तो किमान ७.५ सेंटिमीटर (३ इंच) जाडीचा असावा, त्यात दोन सळया सलग जाव्यात, आणि कोपऱ्यात त्या वळवून एकमेकींवर चढवाव्यात. दारावर मात्र तुळईची उंची व तळाच्या सळया वर दिल्याप्रमाणेच ठेवाव्यात. काँक्रीट परवडत नसेल तेथे दोन समांतर लाकडे आडव्या पट्ट्यांनी जोडून शिडीसारखा पट्टा भिंतीत घालता येतो. पोत्याचे तोंड बांधले की धान्य सांडत नाही. तसा हा पट्टा भिंतींना फाकू देत नाही.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील प्रयोग ग्रामसभेच्या दिवशी अवश्य करून दाखवावा. ६० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर जाड असे दोन ठोकळे एकास तीन प्रमाणाच्या सिमेंट-वाळूचे ओतावेत. दोहोंत ६ मिलिमीटरच्या दोन दोन सळया एका अंगाला, पृष्ठापासून सुमारे १ सेंटिमीटर आत घालाव्यात. चौदा दिवस पाणी द्यावे. नंतर विटांचे दोन ठेंगणे आधार करून एक ठोकळा सळया खाली व दुसरा सळया वर अशा रीतीने ठेवावा आणि मध्यभागी हळूहळू सारखे वजन चढवीत जावे. सळया वर असलेला ठोकळा तळाला आधी फाटतो व वाकतो. दुसरा तेच वजन सहज धरतो. ठोकळे जमिनीपासून वीतभरच उंच ठेवावेत, म्हणजे कोणास इजा होणार नाही. फाटलेला ठोकळा नंतर ग्रामपंचायतीच्या ओसरीवर ठेवून द्यावा. येणारे-जाणारे तो पाहून आपोआप चर्चा करतात.

प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे काम लाभार्थी स्वतःच करून घेतो. तेव्हा ह्या गोष्टी केवळ गवंड्याला माहीत असून भागणार नाही. घरमालकाला, आणि घरातील स्त्रियांनाही, त्या ठाऊक असल्या पाहिजेत.

थोडक्यात

१) वाशाचे टोक दारावर टेकवू नये.
२) दगडी तुळई लहान खिडकीपुरतीच वापरावी, शहाबादी फरशीवर भिंत उचलू नये.
३) लाकूड पक्के, वाळलेले व वाळवीपासून राखलेले असावे, गाठ व खाच तळाला नसावी.
४) गोठ्यात उघडे लोखंड टाळावे.
५) काँक्रीटच्या तुळईत मुख्य सळया तळाला, छज्जात वर. ओतलेल्या तुळईवर 'वर' अशी खूण करावी.
६) मातीच्या भिंतीवर टेकाव एक फुटापेक्षा कमी नसावा.
७) नव्या घरात सलग पट्टा घालावा.

तुळई बसवावयाच्या दिवशी शेतीचे काम कितीही निकडीचे असले, तरी मालकाने स्वतः जागेवर उभे राहावे, सळया कोणत्या अंगाला आहेत हे डोळ्यांनी पाहावे आणि मगच वरचा थर लावू द्यावा.